पुरुष : एक

सुभाषनगरच्या तिसऱ्या गल्लीत, ओल्या चामड्याच्या वासात
मी दाराशी चप्पल काढली, तेव्हा ती म्हणाली,
"कुठनं घेतलीस? टाके मशीनचे हायत हे."

मग मी प्रश्नावली काढली. चौदा पानं.
संमतीच्या रेघेवर तिनं अंगठा नाही, सही केली,
सावकाश, अक्षराअक्षराला खिळा ठोकल्यासारखी:
अनुसया यल्लाप्पा व्हटकर.
नाव त्या पानावरच राहिलं.
पुढं सगळीकडं ती ०४१७.

मुठीची ताकद मोजायचं यंत्र हातात दिलं
तर आधी त्याची मूठ कशाची ते चाचपून बघितलं तिनं,
मग दाबलं.
अकरा किलो.
कोष्टकाप्रमाणे: कमकुवत.
पलीकडं खाटेवर यल्लाप्पा, डावी बाजू गेलेले,
वजन बासष्ट,
दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे.
आम्ही गुणाकार करायचा नसतो तिथं बसून.
आम्ही नुसतं टिपायचं.

यांची काळजी कोण घेतं?
"मीच घेतो. आंगूळ घालतो. कण्या भरवतो.
रातचं दोनदा उठतो, कूस बदलतो.
मग झोप लागंना झाली की वेणी घालत बसतो चामड्याची."
आणि तुमची?
तिनं रेकॉर्डरच्या लाल दिव्याकडं बघितलं.
"चालू हाय न्हवं त्यो?"
हो.
"मग लिव्ह. दूधवाला इचारतो रोज."

शून्य ते चार या मोजपट्टीवर सांगा,
आपलं आयुष्य आपल्या हातात राहिलं नाही
असं तुम्हाला किती वेळा वाटतं?
ती हात बघत राहिली. दोन्ही. उलटे, सुलटे.
मी दोन लिहिलं.
दोनच का, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

सात महिन्यांनी पुण्याहून सरांचा फोन.
काळजी घेणाऱ्या स्त्रिया दोनशे अकरा.
पुरुष : एक.
"हा एक फार मोलाचा. ०४१७.
एक परिच्छेद होऊ दे यावर,
बदलतं पुरुषत्व वगैरे."

ध्वनिफिती उतरवून काढणाऱ्या पोराचं काय चुकलं?
घेतो, भरवतो, उठतो.
त्याच्या गावात बाया असं बोलत नसणार.

खरं सांगायचं तर तो परिच्छेद मी निम्मा लिहिलाही,
रंकाळ्याच्या कठड्यावर, लॅपटॉप मांडीवर घेऊन.
चांगला चालला होता.
मग रकाना उघडला आणि
पुरुषाच्या जागी स्त्री केलं.
तक्त्यातला तो बारीक निळा खांब,
आधीच नखाएवढा,
गेला.

"सर, आमच्याकडं बाया अशाच बोलतात."
पलीकडं जरा शांतता.
"मग तळटीप द्या."

तळटिपीत काय द्यायचं?
की पहिल्या वर्षी पुण्याच्या मेसमध्ये
"मी जेवलो" म्हणाले तर सगळं टेबल हसलं होतं,
आणि महिन्याभरात मी
आले, गेले, जेवले झाले?
की मोजपट्टीला ऐकू येतं ते फक्त क्रियापदाचं शेपूट,
आणि त्या आधीचा घास, चमचा, ओला पंचा
कुणाचाच नसतो?

रात्री कागलहून आईचा फोन.
बाबांना आत्ता भरवलं म्हणाली, गोळ्या दिल्या,
गुडघा बरा आहे, म्हणजे तसाच आहे.
जेवलीस का गं?
"जेवलो की. तू?"
"जेवलो," मी म्हणाले.
दोन्हीकडं खोटं असावं.

जूनमध्ये दुसरी फेरी.
यंत्राची बॅटरी बदलायला हवी.
हातच्या टाक्याची चप्पल अजून घेतलेली नाही.
पहिल्यांदा ती पायांकडंच बघणार.